वरचा रुपया

दिपमालाबद्दल मला पुष्कळ जण विचारतात, कारण तिच्या कामाला पहिला पडदा माझा लागला. पडदा म्हणजे एलईडीची भिंत, लग्नात स्टेजच्या बाजूला उभी करतात ती. साउंड, कॅमेरा, पडदा, सगळं माझं. जळगावात कुठल्याही मंडपवाल्याला विचारा, धनसिंगभाऊंचा नंबर तोंडपाठ असतो. तर लोक विचारतात, ती यावलकडची पोरगी, जिने आहेराचं मशीन काढलं, ती कशी आहे हो? मी म्हणतो, हुशार आहे. ते मान डोलावतात आणि जातात. पुढचं कुणी विचारत नाही. पण परवा तिच्याशी बोलून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून आज कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

दिपमालाचे वडील कौतिकनाना. यावलच्या पुढे त्यांची केळी आहे, विहिरीला पाणी आहे, घरात कुणापुढे हात पसरायची वेळ नाही. पोरगी जळगावात कॉम्प्युटर शिकली, पुण्याला नोकरीला लागली. मग कंपनीनं एका झटक्यात माणसं कमी केली, त्यात हीही गेली. बॅगा घेऊन परत आली तर गावाला आयतं चऱ्हाट मिळालं. कुणी म्हणे काढून टाकली, कुणी म्हणे काहीतरी भानगड असेल. नानांनी दोन स्थळं काढून ठेवली होती. दिपमाला म्हणाली, "नाना, मला एक लग्नसराई द्या. जळगावात स्वतःचा धंदा करते. नाही चालला तर तुम्ही सांगाल त्याच्या गळ्यात माळ घालते, तोंडातून शब्द काढणार नाही." नाना तोंडाचे गोड आणि शब्दाचे पक्के. एक सराई म्हणजे एकच सराई, हे तिलाही माहीत होतं.

तिची कल्पना साधी होती. आपल्याकडे लग्नात एक जण पाकिटं उघडत बसतो, दुसरा माइकवर नाव पुकारतो, आणि जेवणाच्या गोंधळात कुणाला काही ऐकू जात नाही. हिनं काय केलं, पाकीट उघडलं की नाव, गाव आणि रक्कम सरळ पडद्यावर. माणसाला स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात बघायला आवडतं, आणि शेजाऱ्याचा आकडा बघायला त्याहून आवडतं. मी तिला पहिल्याच दिवशी म्हटलं, बाई, तू लोकांच्या बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंयस, हे चालणार.

चालायचं तर हॉलवाला पाहिजे. आमच्याकडे हॉलवाले म्हणजे भंवरलालजी. बापजादे राजस्थानातून कापड घेऊन आले होते, आता चार हॉल आहेत: दोन जळगावात, एक जामनेरला, एक धुळ्यात हायवेला लागून. वय ऐंशीच्या घरात, सफेद कपडे, आवाज मऊ. हा माणूस कधी ओरडत नाही. ओरडणारा माणूस परवडला.

मीच तिला त्यांच्या ऑफिसात घेऊन गेलो. तिनं लॅपटॉप उघडून एक आकडा दाखवला. पडद्यावर आलं ₹151,001.00.

"हे किती?" भंवरलालजींनी विचारलं.

"एक लाख एक्कावन्न हजार एक, बाबूजी."

"मग लाखाचा कॉमा कुठे आहे? हा विलायती हिशोब दिसतो. आणि मागे ही दोन शून्यं कशाला? आमच्या लग्नात कुणी पन्नास पैसे देतं का?"

ती हसली आणि तिथल्या तिथं दोन-चार शब्द बदलले. मला तिनं नंतर समजावलं होतं. कॉम्प्युटरला आकडा म्हणजे नुसता आकडा. हा पैसा आहे हे त्याला सांगावं लागतं. कुठल्या देशाचा पैसा, कुठल्या भाषेत लिहायचा, कॉमा कुठे टाकायचा, पैसे दाखवायचे की नाही, सगळं सांगावं लागतं, आणि एकदा सांगितलं की तो जन्मभर तसंच करतो. तिनं भाषा मराठी सांगितली, देश भारत सांगितला, पैसे बंद केले. आकडा झाला ₹१,५१,००१. भंवरलालजींनी चष्मा वर करून बघितलं आणि तिला पेढा दिला.

"छान," ते म्हणाले. "पण अक्षर मोठं पाहिजे. अगदी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला दिसलं पाहिजे. पलकच्या लग्नात चालवून दाखव. नीट चाललं तर चारही हॉल तुझे."

पलक म्हणजे त्यांची नात. दिपमाला जिना उतरली. खाली आल्यावर माझ्या टेम्पोला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, चार हॉल म्हणजे झालंच की हो माझं."

मग अक्षर मोठं करायला गेली तर आकडा ओळीत मावेना. नाव, गाव आणि एवढा लांब आकडा, कुठे बसवणार? तिनं एक तयार सोय वापरली. त्यात आकडा आखूड होतो, हजाराला नुसता ‘ह’ आणि लाखाला ‘लाख’. लॅपटॉपवर मावलं, माझ्या पडद्यावर मावलं, ती खूश झाली. नीट चालतं का हे बघायला तिनं स्वतःच्या भावाच्या लग्नातले आहेर एकेक आठवून टाकले. मामा पाचशे एक, आत्या अडीचशे एक, शेजारचे झिपरूआबा एकशे एक. सगळे आकडे पडद्यावर जसेच्या तसे आले.

आता प्रेमराजचं सांगतो. भंवरलालजींची सून चंद्रकांता, म्हणजे पलकची आई, तिचा भाऊ प्रेमराज. जामनेरला त्याचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, पिना, रिबिनी, कंगवे. भला माणूस. बहिणीच्या सासरी काही कार्य असलं की सगळ्यांच्या आधी हजर, खुर्च्या उचलेल, आमच्या पोरांना पाणी आणून देईल. भंवरलालजी त्याला चारचौघांत ‘कंगवेवाले’ म्हणायचे. चंद्रकांताताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून म्हणायचे. तोंडावर हसून म्हणायचे, म्हणून त्यालाही हसावं लागायचं.

त्यांच्यात भाचा-भाचीच्या लग्नाला मामा मायरं घेऊन येतो. बहिणीला पाटावर उभी करतो, डोक्यावर चुनडी घालतो आणि पाकीट देतो. हे सगळ्यांच्या आधी, बाकीचे आहेर मग. शुभकार्याचं पाकीट असलं की रकमेवर एक रुपया जास्त असतो, हे तुम्हाला-मला सांगायला नको. पाकिटावरच रुपयाचं नाणं चिकटवून मिळतं दुकानात. बिनरुपयाची रक्कम देतात ती कुणी गेल्यावर, दुःखाच्या घरी.

पलकच्या लग्नाला उन्हाळा असा होता की चार कूलर लावूनही माझा साउंडचा मिक्सर तापत होता. मी हॉलच्या मागच्या टोकाला कानाला हेडफोन लावून बसलो होतो, माझ्या शेजारी दिपमाला. प्रेमराजनं बहिणीच्या डोक्यावर लाल चुनडी घातली. चंद्रकांताताई रडल्या, तोही रडला. भंवरलालजींचा नातू अखिल, त्यानं पाकीट उघडून रक्कम सांगितली, एक्कावन्न हजार एक. दिपमालानं ती टाकली. मी पडदा चालू केला. हॉलभर दिसेल अशा अक्षरांत पहिली ओळ आली: प्रेमराज, जामनेर, ₹५१ ह.

मला काही कळलं नाही. दिपमालाला कळलं. तिचा हात कीबोर्डवर होता तिथंच थांबला.

पाहुण्यांच्या स्वागतासाठी भंवरलालजींच्या हातात माइक होता. त्यांनी अखिलकडून पाकीट मागून घेतलं आणि पडद्याकडे बघितलं.

"प्रेमराजजी," ते मऊ आवाजात म्हणाले, "एक्कावन्न हजार. बरोब्बर एक्कावन्न. वरचा रुपया जामनेरला राहिला का?"

लोक हसले. प्रेमराजही हसला, त्याला वाटलं नेहमीची थट्टा आहे. "नाही बाबूजी, आहे रुपया. पाकिटावरच लावलाय."

"पडद्यावर तर नाही."

"पाकीट आपल्या हातातच आहे, बाबूजी."

"माझे डोळे गेले आता. मला मोठी अक्षरं तेवढी दिसतात. बिनरुपयाचं पाकीट कुठल्या घरी देतात ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. आमच्या घरी लग्न आहे, प्रेमराजजी."

आता कुणी हसलं नाही. माझा कॅमेरा त्यांच्या हातावर होता. समोरच्या छोट्या मॉनिटरवर मला स्पष्ट दिसत होतं, पाकिटावरचं नाणं त्यांच्या अंगठ्याखाली होतं. अंगठा त्यांनी मुद्दाम दाबून धरला होता, नखाभोवती पांढरं झालं होतं. पाटावर चंद्रकांताताई चुनडीचे दोन्ही काठ मुठीत धरून खाली बघत उभ्या होत्या.

"भाऊ, हे माझ्यामुळे झालंय," दिपमाला माझ्या कानाशी म्हणाली. आकडा आखूड करायला सांगितला की हजाराच्या वरचा तो एक रुपया गळून जातो, आणि हजाराच्या खाली काहीच गळत नाही. तिनं तपासलं होतं ते तिच्या गावच्या आहेरांवर. आमच्याकडे कुणाला मोठं द्यायचं असेल तर तो कपाट देतो, भांडी देतो. हजाराच्या वर पाकीट देणारा माणूस तिला तपासताना आठवलाच नव्हता.

"मग ऊठ आणि सांग," मी म्हटलं.

उठली. हे मी तिच्या बाजूनं सांगतो, ती उठली आणि सगळ्या हॉलमधून चालत भंवरलालजींपाशी गेली. मी त्यांचा माइक हॉलसाठी बंद केला, म्हणून लोकांना काही ऐकू आलं नाही. पण माझ्या हेडफोनमध्ये सगळं येत होतं.

"बाबूजी, चूक माझी आहे. मी आकडा छोटा करायला लावला, त्यात वरचा रुपया जातो. सगळ्यांचाच गेला असता. यांचं नाव पहिलं होतं म्हणून यांचा गेला."

"दुरुस्त किती वेळात होईल?"

"लगेच होतं."

"मग कर. इंदूरचे व्यापारी बसलेत, माझे व्याही बसलेत. त्यांचा रुपया गेलेला चालणार नाही."

"हो बाबूजी. यांचंही लगेच बरोबर होईल."

"यांचं राहू दे."

तिनं त्यांच्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं.

"रुपया आहे ते मला माहीत आहे, बेटा," भंवरलालजी म्हणाले. "माझ्या बोटाखालीच आहे. तरी राहू दे. चार हॉलचं आपण उद्या बोलू." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला हेडफोन काढून फेकून द्यावासा वाटला.

ती परत येऊन बसली. मला वाटलं रडेल, पण नाही. काम करू लागली. आता ह्यातली गोम ऐका. आकडा दाखवायची रीत एकदा बदलली की सगळ्या ओळी बदलतात, कारण नवीन पाकीट आलं की मशीन पूर्ण यादी नव्यानं लिहितं. म्हणजे प्रेमराजची ओळ आपोआप सरळ झाली असती. ती तशीच वाकडी ठेवायची तर मुद्दाम वेगळं लिहावं लागणार होतं. तिनं ते लिहिलं. नाव प्रेमराज आणि गाव जामनेर असेल तर रक्कम आखूड, बाकी सगळ्यांची पूर्ण. एका माणसासाठी एक ओळ.

"काय शे हे?" मी विचारलं. तिनं सांगितलं.

"आकडे सरळ करायचं मशीन बनवलंयस का माणसं वाकडी करायचं?"

"भाऊ, आजच्या दिवसापुरतं आहे. उद्या काढते."

अक्षर थोडं बारीक करून पूर्ण आकडे तिनं बसवले. मग एकामागून एक ओळी येत गेल्या, एकवीस हजार एक, एक लाख एक, सगळ्यांच्या शेवटी तो एक रुपया ठसठशीत. आणि सगळ्यांच्या वर, मायरं पहिलं म्हणून, प्रेमराज, जामनेर, ₹५१ ह. जेवणं संपेपर्यंत ती ओळ तिथंच. आलेला प्रत्येक माणूस आधी ती वाचायचा आणि शेजारच्याला विचारायचा. शेजारचा सांगायचा.

पंगत चालू असताना प्रेमराज आमच्याकडे आला. मी तारा आवरतोय असं दाखवलं.

"ताई, मला ह्यातलं काही कळत नाही," तो दिपमालाला म्हणाला. "पण माझाही रुपया होता हो."

तिनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "काका, तुमच्याच ओळीत मशीन रुपया घेत नाहीये. बघते मी."

"बघा, बघा. सवडीनं बघा." तो जरा घुटमळला. "तुम्ही दोघं जेवलात का? ताटं पाठवू?"

त्यानं ताटं पाठवलीसुद्धा. दालबाटी, वर तुपाची धार. ती जेवली, मीही जेवलो, भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी चारही हॉलचं काम तिला मिळालं. तिनं झेरॉक्सच्या दुकानावरचा गाळा भाड्यानं घेतला, दारावर पाटी लावली, स्कूटर घेतली. कौतिकनाना केळीचा घड खांद्यावर टाकून गाळ्यात आले. खुर्चीवर न बसता सगळीकडे फिरले, एसीखाली उभे राहून बघितलं. "बठ्ठं गाव नाव काढू ऱ्हायलं तुझं," ते म्हणाले. तिनं त्यांना मशीन चालवून दाखवलं, कौतिकनाना, पाचशे एक. नानांनी आपलं नाव पडद्यावर बघितलं आणि टोपी सारखी केली. स्थळांचा विषय निघाला नाही. तिला जे पाहिजे होतं ते सगळं तिला मिळालं, हे खरं आहे, मी नाकारत नाही.

ती ओळ मात्र राहिली. मी विचारलं की म्हणायची, काढते भाऊ. जामनेरच्या हॉलला मशीन बसवलं तेव्हा विचारलं, तर म्हणाली, चालतंय तोवर हात लावत नाही, एक काढायला जावं आणि दुसरं बिघडावं. चारही हॉलमध्ये तेच मशीन बसलं, आणि त्या ओळीसकट बसलं.

पुढच्या सराईत अखिलचं लग्न निघालं, पलकच्या सख्ख्या भावाचं. हॉल धुळ्याचा. भंवरलालजी शिरपूरला दोन नवे हॉल बांधत होते, तिथल्या मशीनचं काम कुणाला द्यायचं ते लग्न झाल्यावर ठरणार होतं. दिपमालानं त्यासाठी एक पोरगी हाताखाली घ्यायचीही बोलणी केली होती.

आम्ही सकाळी तारा जोडत होतो तेव्हा चंद्रकांताताई आल्या. अजून नेसायच्या होत्या, साध्या साडीवरच होत्या. इकडेतिकडे बघितलं आणि दिपमालाच्या खुर्चीशेजारी वाकल्या.

"ह्या वेळी माझ्या भावाचं नीट दिसू दे, बेटा," त्या म्हणाल्या. "अडीच लाखाच्या वर आहे. त्यानं दुकान पणाला लावलं असतं, मी नको म्हटलं. ह्यात माझ्या पाटल्या आहेत, माहेरच्या. घरात कुणाला माहीत नाही. गेल्या वेळेनंतर तो वर्षभर आमच्या दारात आला नाही. ह्या वेळी मोठ्या मिनतवारीनं तयार केलाय."

"काही होणार नाही, काकू," दिपमाला म्हणाली.

"होणार नाही ना?"

"नाही."

ताई गेल्या. दिपमालानं फाइल उघडली. ती ओळ मी आता ओळखत होतो, इंग्रजी येत नसलं तरी ‘प्रेमराज’ एवढं वाचता येत होतं. काढायची म्हणजे काय, एक ओळ निवडायची आणि एक बटण दाबायचं.

"काढ," मी म्हटलं.

"काढते." पण हात हलेना. "भाऊ, बाबूजींना विचारायला नको का?"

"काय विचारायचं?"

"त्यांनीच ठेवायला सांगितलं होतं ना."

"ते त्या दिवसापुरतं होतं गं."

"त्या दिवसापुरतं असं ते म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते."

भंवरलालजी दारात उभे राहून पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होते. ती अर्धवट उठली, त्यांच्याकडे बघितलं, परत बसली. विचारायचं तर कसं विचारणार? बाबूजी, तुमच्या सुनेच्या भावाचा अपमान चालू ठेवू की बंद करू, असं? आणि न विचारता काढली आणि ते रागावले तर शिरपूर गेलं. हे सगळं तिच्या तोंडावर मला वाचता येत होतं. तिनं फाइल बंद केली.

"दिपमाला," मी म्हटलं, "त्या बाईनं पाटल्या मोडल्यात."

"मला ऐकू आलंय, भाऊ," ती म्हणाली आणि माइक तपासायला सांगू लागली.

मायरं झालं. प्रेमराजनं नवा कोट शिवला होता, तो त्याला खांद्यात सैल होता. चुनडी घातली, पाकीट दिलं, नाणं वर दिसेल असं धरून दिलं. रक्कम पुकारली, दोन लाख एक्कावन्न हजार एक. लोकांनी माना वळवल्या. भंवरलालजींच्या भुवया वर गेल्या. प्रेमराजनं पडद्याकडे बघितलं.

प्रेमराज, जामनेर, ₹२.५ लाख.

रुपया तर गेलाच, वरचे हजारही गेले. मी पडद्याची वायर ओढली. पडदा काळा झाला, पण हॉलमध्ये शंभर मोबाइल वर होते, ओळ सगळ्यांकडे गेली होती. लाइट ट्रिप झाली म्हणून मी ओरडलो. त्याबद्दल भंवरलालजींनी माझ्या बिलातून पैसे कापले, ते कापायचेच होते.

ह्या वेळी त्यांनी माइक उचलला नाही. गरजच नव्हती. त्यांनी नुसतं प्रेमराजकडे बघितलं आणि हसले, आणि पुढच्या दोन रांगा हसल्या. प्रेमराजनं बहिणीला हात जोडले. मग व्याह्यांना हात जोडले. मग कोट काढून हातावर घेतला आणि बाजूच्या दारानं निघून गेला. जेवलाही नाही. आमच्याकडे आला नाही, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर दिपमालानं काय सांगितलं असतं कुणास ठाऊक.

पडदा परत लावेपर्यंत तिनं ती ओळ काढलेली होती, कारण आता सगळ्या हॉलचं लक्ष तिकडेच होतं. यादीत आलं ₹२,५१,००१. ते कुणी वाचलं नाही.

थोड्या वेळानं भंवरलालजी स्वतः आमच्यापर्यंत चालत आले. त्यांनी कधी असं केलं नव्हतं. दिपमाला उठून उभी राहिली.

"गेल्या वेळी मला सांगावं लागलं होतं," ते म्हणाले. "ह्या वेळी तू न सांगता समजलीस. हुशार आहेस. शिरपूरचं तुझंच समज." जाताना वळून म्हणाले, "नंतर बदललंस कशाला? तेच ठेव."

"हो बाबूजी," ती म्हणाली. तिथल्या तिथं बसून तिनं ती ओळ परत लिहिली.

फेरे लागायच्या आधी चंद्रकांताताई आल्या. नेसलेल्या, नटलेल्या, डोक्यावर भावाची चुनडी. दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या होत्या, पाटल्यांच्या जागी. मी म्हटलं आता ही बोलेल, बोललीच पाहिजे.

"तुला भाऊ आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"आहे," दिपमाला म्हणाली.

ताईंनी मान हलवली आणि मुलाच्या फेऱ्यांना निघून गेल्या.

आता शिरपूरचे हॉल सुरू झालेत. दिपमालाच्या हाताखाली दोन पोरी आहेत, कौतिकनाना गावात मान वर करून फिरतात. प्रेमराजनं दुकान आवरतं घेतलंय असं ऐकलं, जामनेरला लग्न असलं तरी हॉलकडे येत नाही, कुणाच्याच कार्याला दिसत नाही. परवा मी तिच्या गाळ्यात पैसे घ्यायला गेलो होतो. ती नव्या पोरीला मशीन शिकवत होती, आकडा पैशात कसा मांडायचा, कॉमा कुठे, लाख कुठे. स्क्रीनवर तीच ओळ दिसली. ती पोरगी विचारत होती, ताई, हे एकच नाव इथं कशाला?

"जुनं आहे," दिपमाला म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, आता तरी काढ ती."

तिनं मला चहा दिला. "आता कशाला काढू, भाऊ?" ती म्हणाली. "ते कुठल्या लग्नाला येतच नाहीत आता."